बगलेतली शिवण

सन १९५८. मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्याइतका चांगला शिंपी सगळ्या बेंगळूरात नाही, असं माझं मत होतं. ते मत आजही फारसं बदललेलं नाही. पण त्या वर्षी रामनवमीच्या दिवसांत एका गाण्याच्या बैठकीत त्याला धक्का बसला, तेवढं सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडं येतं, पण हात अजून कापत नाही.

आम्ही कब्बनपेटेतले मराठी शिंपी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलो असं घरात सांगायचे. फौज निघून गेली, शिंपी राहिले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा घरीच मशीन टाकून बसायचे आणि जुब्बे, बंड्या, लेंगे शिवायचे. पुण्याकडे ज्याला झब्बा म्हणतात त्याला आमच्याकडे जुब्बा म्हणतात. मला ते काम म्हाताऱ्या माणसांचं वाटे. सतराव्या वर्षी मी दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, साहेबी कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात लागलो. तिथं कोट, पाटलोणी, अंगाबरोबर बसणारे शर्ट शिवायला शिकलो. सहा वर्षांत माझी मान अशी ताठ झाली की घरच्या दारातून आत येताना वाकायचं मी विसरायचो आणि कपाळ आपटून घ्यायचो.

माझे दोन मित्र होते. एक आमच्याच पेटेतला मराठी, भाड्यानं सायकली द्यायचा. त्याला कबुतरांचा नाद. दुसरा चामराजपेटेतला, कानडी घरातला, विमानाच्या कारखान्यात फिटर. त्याला मृदंगाचा नाद. नाद हा शब्द खरं तर कमी पडतो. अकरा वर्षं तो पहाटे उठून गुरूच्या घरी जाऊन शिकला होता आणि मग कारखान्याची बस पकडायचा. तो कानडीतून बोलायचा, मी इथं मराठीतून लिहितो. मला तो ‘मेष्ट्रे’ म्हणायचा, म्हणजे मास्तर. कानडीत शिंप्यालाही तसंच म्हणतात. मी त्याला ‘स्वामी’ म्हणायचो.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घराच्या जगलीवर, म्हणजे दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर, जमायचो. तो वाजवायचा आणि आम्ही मांडीवर ताल धरायचो. माझा ताल पक्का होता. सायकलवाल्याचा ताल चौथ्या फेऱ्यापर्यंत टिके, मग त्याचं लक्ष आकाशात जाई.

‘‘कुठं गेलास?’’ मृदंगवाला हात न थांबवता विचारायचा.

‘‘इथंच आहे की.’’

‘‘तू इथं आहेस, ताल तुझ्या कबुतराबरोबर गेला.’’

मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन कॉफ्या तिघांत. त्या हॉटेलाचा भट आम्हाला बघितल्यावर न विचारता तिसरा रिकामा पेला ठेवायचा.

त्या वर्षी उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी एका संध्याकाळी मृदंगवाला जगलीवर आला तो वाजवायला बसलाच नाही. म्हणाला, ‘‘राजाजीनगरच्या मंडपात मला बसवणार आहेत.’’

आमच्या गावात रामनवमीपासून पुढं कितीतरी दिवस जागोजागी मंडप घालून गाणं चालतं. गाण्याच्या बैठकीला तिकडे कचेरी म्हणतात. राजाजीनगर तेव्हा नवी वस्ती होती, अर्धी घरं, अर्धे खड्डे, पण लोक हौशी. त्यांनी एका वयस्कर, मोठ्या गवयाला बोलावलं होतं. त्या गवयाच्या नेहमीच्या मृदंगवाल्याचे हात थरथरू लागले होते आणि गवई नवा साथीदार शोधत होता. आमच्या मित्राच्या गुरूनं त्याचं नाव सुचवलं होतं. पसंत पडला तर गवई त्याला वर्षभर सगळीकडे बरोबर नेणार होता.

‘‘आणि नाही पडला तर?’’ सायकलवाल्यानं विचारलं.

‘‘तर खोळ बांधून माळ्यावर. आईला शब्द दिलाय. अकरा वर्षं झाली, ती तरी किती थांबेल? लग्न करीन, जादा पाळ्या करीन.’’ हे तो अगदी शांतपणे म्हणाला, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

त्याच्या आईनं त्या दिवसासाठी रेशमी कापड आणलं होतं, मोतिया रंगाचं. तिला आम्ही अक्का म्हणायचो. कापड माझ्या हातात देताना अक्का म्हणाली, ‘‘तुझ्या वडिलांना दे शिवायला.’’

मी म्हणालो, ‘‘मी शिवतो.’’

‘‘तू साहेबांचे कोट शिवतोस. हा जुब्बा आहे.’’

‘‘अक्का, जो कोट शिवतो त्याला जुब्बा म्हणजे काय?’’

ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, शीव मग.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते. जुन्या जुब्ब्याला बगलेत एक चौकोनी तुकडा तिरका जोडलेला असतो, त्याला चौबगला म्हणतात. त्यानं हात मोकळा राहतो, पण बगलेखाली कापड गोळा होऊन लोंबतं. मला ते लोंबणं बघवत नसे. मी दंडूतल्या शर्टाचा कट घेतला, चौबगला काढून टाकला, बाही बारीक केली, पाठ अंगाबरोबर घेतली. शिवणी सगळ्या दुहेरी घातल्या. तयार करून खुंटीला लावला तेव्हा तो जुब्बा रिकामाच कोणीतरी मोठा माणूस उभा असल्यासारखा दिसत होता.

अण्णांनी चष्मा वर करून बघितला. बगलेत बोट घालून बघितलं.

‘‘चौबगला?’’

‘‘ती जुनी पद्धत झाली, अण्णा.’’

‘‘तो मंडपात उभा राहणार आहे की बसणार आहे?’’

‘‘कापड बघा ना कसं पडलंय.’’

त्यांनी चष्मा खाली घेतला. पुन्हा मशीन चालवू लागले. अण्णा वाद घालत नसत, ते नुसतं मशीन जोरात चालवत.

घालून बघायचा प्रश्नच नव्हता. अक्काच्या घरी रीत अशी की नवा कपडा आधी देवापुढं ठेवायचा, त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावायचं आणि शुभ दिवशीच पहिल्यांदा अंगात घालायचा. आधी घातला की तो जुना झाला. मला ही रीत फार सोयीची वाटली. माझ्या शिवणीला घालून बघायची गरज पडते, हे मला कबूलच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघं सायकलींवर राजाजीनगरला गेलो. मृदंगवाला आईबरोबर बसनं आला. मंडपाच्या तोंडाशी पानकाचं मोठं भांडं होतं, गूळ आणि वेलदोड्याचं पाणी, पेल्यानं देत होते, आणि पानावर कोसंबरी, भिजलेल्या मूगडाळीची. सायकलवाल्यानं तीन वेळा कोसंबरी घेतली, प्रत्येक वेळी वेगळ्या रांगेतून.

आणि मग आमचा मित्र आला. मृदंग काखेत, अंगात मोतिया जुब्बा. तो फिटर वाटतच नव्हता. मंडपातल्या एका सभ्य गृहस्थानं त्याला थांबवून विचारलं, हा कुठल्या दुकानातला? त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. गृहस्थानं माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान हलवणं मला अजून आठवतं, आणि त्या वेळी मला किती बरं वाटलं तेही. लपवायचं कशाला.

तो व्यासपीठावर चढला आणि मांडी घालून बसला.

मृदंग मांडीवर आडवा घेऊन त्यानं सूर लावायला दगड उचलला. त्याबरोबर डाव्या बगलेपासून गळ्यापर्यंत कापडाला एक तिरकी घडी पडली, दोरी ताणल्यासारखी. मी दुसऱ्या रांगेत होतो. बाकीचे लोक कानानं ऐकत होते, मी डोळ्यानं. मला कळलं. त्याचा दंड खांद्याच्या उंचीला यायच्या आधीच अडकत होता. तो तिरका बसला होता, पाठीवर शिवण ताणून पांढरी दिसत होती.

गाणं सुरू झालं. पहिली रचना छोटी होती, निभावली. दुसरीला गवयानं लय वाढवली. मृदंगाची डावी बाजू, जिच्यावर रव्याचा ओला गोळा लावतात, ती घुमायला हवी. ती घुमेना. त्याचा डावा हात कोपरातूनच हलत होता, खांदा जागचा हलत नव्हता. जगलीवर उघड्या अंगानं बसून जो माणूस रस्त्यावरच्या म्हशी थांबवायचा, तो इथं पाटीवर खडूनं लिहिल्यासारखा वाजवत होता. गवयानं एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. बघितलं आणि पुढं गाऊ लागला.

‘‘याला झालंय काय?’’ सायकलवाला माझ्या कानात म्हणाला. ‘‘घाबरला की काय?’’

मी म्हणालो, ‘‘घाबरला असेल.’’

हे मी म्हणालो. साठ-पासष्ट वर्षं झाली, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ठासून बोललो आणि त्यातल्या बहुतेक मला आजही मान्य आहेत. हे एक वाक्य नाही.

आमच्या मागं दोन म्हातारे ताल धरून बसले होते. त्यांतला एक दुसऱ्याला कानडीत म्हणाला, पोरगा भितोय, हात बघ कसे अंगाला चिकटलेत. दुसरा म्हणाला, नवा असेल, याचं काम नाही हे. मला उठून त्यांना सांगावंसं वाटलं की भितोय म्हणू नका, तो कशाला भिणार. पण मग पुढचं वाक्य सांगावं लागलं असतं.

जुब्बा काढून टाकणं त्याला शक्य नव्हतं. वडीलधारा गवई गात असताना साथीदार मधेच उठत नाही. आणि मी तो इतका अंगाबरोबर शिवला होता की दोन माणसांनी ओढल्याशिवाय डोक्यावरून निघाला नसता.

चौथी रचना झाली. आता मोठा राग सुरू व्हायचा होता. तिथली पद्धत अशी की गवई आधी नुसता राग आळवतो, मग व्हायोलिनवाला तोच आपल्या परीनं आळवतो. तेवढा वेळ मृदंगाला काम नसतं, वाजवणारा मांडीवर हात ठेवून ऐकत बसतो. पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. त्यानंतर रचना, आणि तिच्या शेवटी तनी. तनीत सगळे थांबतात आणि मृदंग एकटाच बोलतो. पसंत-नापसंत तिथं ठरणार होती.

मी उठलो.

‘‘कुठं?’’ सायकलवाला म्हणाला. ‘‘पानक बाहेर आहे, तिकडे कुठं निघालास?’’

मी कनातीच्या बाजूनं व्यासपीठाच्या मागं गेलो. तिथं मंडपवाल्यांचा एक माणूस खुर्चीवर बसला होता, तो म्हणाला, ‘‘वर जाता येणार नाही.’’ मी म्हणालो, ‘‘मी शिंपी आहे.’’ शिंपी कशाला, हे तो विचारीपर्यंत मी चढलो. गुडघ्यांवर रांगत तंबोऱ्यामागून मृदंगवाल्याच्या पाठीशी पोचलो. काज कापायची छोटी कात्री माझ्या खिशात नेहमी असे.

‘‘डावा हात वर कर,’’ मी त्याच्या कानाशी म्हणालो.

त्यानं मागं न बघता ओळखलं. ‘‘नको मेष्ट्रे. नवा आहे. चालतंय माझं.’’

‘‘चालत नाहीये. वर कर.’’

‘‘लोक बघतायत.’’

‘‘बघू देत. माझी शिवण आहे, मी उसवीन नाहीतर जाळीन.’’

त्यानं हात वर केला. म्हणजे जेवढा होत होता तेवढा.

मी कात्रीचं टोक बगलेत घातलं. दुहेरी शिवण, बारीक टाके, एकही सैल नाही. असे टाके घातल्याचा त्या क्षणापर्यंत मला अभिमान होता. एक-एक टाका तोडत गेलो. कापडाला धक्का लागू द्यायचा नव्हता, रेशीम होतं आणि आत माणूस होता. समोरच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. बायकांच्या बाजूला अक्का बसली होती, ती उठून उभी राहिलेली मला दिसली. देवापुढं ठेवलेला नवा जुब्बा भर सभेत कात्रीनं कापला जात होता. तिला काय वाटलं असेल याचा विचार करायचं मी टाळलं आणि टाके मोजत राहिलो.

गवयानं आपला आलाप संपवला आणि व्हायोलिनवाल्याला खूण केली. व्हायोलिन सुरू झालं, तसा म्हातारा मागं वळला. त्यानं माझी कात्री बघितली, उघडी बगल बघितली, सगळं समजल्यासारखी मान डोलावली.

‘‘मुगीता?’’ त्यानं विचारलं. झालं का?

‘‘आणखी एक बगल आहे,’’ मी म्हणालो.

‘‘सावकाश होऊ दे. राग कुठं पळून जात नाही.’’ आणि त्यानं व्हायोलिनवाल्याला बोटानं आणखी एक फेरा घे अशी खूण केली. व्हायोलिनवाला हसत हसत वरच्या सुरांत चढला.

उजवी बगल मी चार बोटं उसवली, पाठीची शिवणही वीतभर सोडली. माझ्या मित्रानं खांदे गोल फिरवले. हाडाचा कट असा आवाज आला.

‘‘आता?’’ मी विचारलं.

‘‘वारा लागतोय,’’ तो म्हणाला.

मला परत जायला वेळ नव्हता. मी तिथंच तंबोऱ्यामागं अंग चोरून बसलो. त्यामुळं ती रचना आणि ती तनी मी पाठीमागून ऐकली. दोन्ही बगलांतून उघडं अंग दिसत होतं, उसवलेले दोरे वाऱ्यावर हलत होते, आणि डावा हात खांद्यापासून सुटून पडत होता. तो पहिला घुमारा पडला तेव्हा माझ्या बुडाखालची फळी हलली. त्यानं तनीत किती वेळ वाजवलं ते मला सांगता येणार नाही. मी ताल धरला होता, तो माझा एकदा चुकला. माझा ताल चुकायची ती पहिली खेप. समोर ते दोन म्हातारे मांडीवर हात आपटत होते, आणि मघाशी ‘याचं काम नाही’ म्हणणाऱ्यानं पुढं वाकून कानामागं तळवा धरला होता.

कचेरी संपल्यावर गवयाला नमस्कार करायला लोक चढले. त्यानं मृदंगवाल्याला जवळ बोलावलं. ‘‘येत्या शनिवारी म्हैसूर. संध्याकाळचं गाणं आहे, सकाळच्या गाडीनं जायचं. सुट्टी मिळेल?’’

‘‘मिळेल,’’ तो म्हणाला. कारखान्यात न विचारताच म्हणाला.

मग गवयानं मला विचारलं, ‘‘कट चुकला होता?’’

सगळे बघत होते. मंडपाच्या तोंडाशी ज्यानं मान हलवली होती तो गृहस्थही होता.

‘‘उभ्या माणसाला चुकला नव्हता,’’ मी म्हणालो. मग म्हणालो, ‘‘पण तो बसणार होता, हे मला माहीत होतं. चूक माझीच.’’

‘‘बरं झालं,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘मला वाटलं मुलगा भित्रा आहे. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी बघणार होतो.’’

मी कात्री खिशात टाकली आणि खाली उतरलो.

बाहेर अक्का उभी होती. तिनं मुलाच्या बगलेत बोट घालून बघितलं, अण्णांनी बघितलं होतं अगदी तसंच. ‘‘दोन भोकं,’’ ती मला म्हणाली. ‘‘तुझ्या वडिलांना दे म्हटलं होतं मी.’’

‘‘हो, अक्का.’’

‘‘जेवलास का?’’

सायकलवाला म्हणाला, ‘‘त्यानं आज शब्द गिळलेत पुष्कळ, भूक नसेल त्याला.’’ मग सायकलींकडे जाताना तो मला एकट्याला म्हणाला, ‘‘तुला आधीच माहीत होतं ना? मी घाबरला का विचारलं तेव्हा?’’

‘‘हो.’’

‘‘हं,’’ तो म्हणाला, आणि सायकलीचं कुलूप काढू लागला. त्यानंतर त्यानं ती गोष्ट कधी काढली नाही. त्यानं ती माझ्यावर हसण्यासाठी वापरली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडायच्या आत चामराजपेटेत पोचलो. मृदंगवाला कारखान्याचा खाकी शर्ट चढवत होता. मी म्हणालो, शर्ट काढ आणि जगलीवर बस.

‘‘बस येईल माझी.’’

‘‘येऊ दे. मृदंग आण.’’

‘‘मेष्ट्रे, स्वल्प वेळानं सहा वाजतील.’’

‘‘मग लवकर आण.’’

तो उघड्या अंगानं मांडी घालून बसला. मी त्याला वाजवायला लावलं, आधी सावकाश, मग दुप्पट लयीत. तो वाजवत असताना मी टेप घेऊन त्याच्याभोवती फिरत होतो, हात वर असतानाचं माप, हात खाली असतानाचं माप, पुढं वाकल्यावर पाठीचं माप. त्याचा हात दोनदा माझ्या तोंडावर बसला. दूधवाला सायकल थांबवून बघत उभा राहिला. अक्का दारातून म्हणाली, पहाटे एवढं वाजवायचं तर आधी शेजाऱ्यांना तरी विचारा. आकडे मी कोळशानं मनगटापासून कोपरापर्यंत लिहून घेतले. आकडे मला नीट लिहिता येतात.

कारखान्याची बस कोपऱ्यावर आली आणि भोंगा वाजवू लागली. तो शर्टाची बटणं लावत धावला. मी मृदंगाला खोळ घातली, अक्काच्या हातात दिला आणि तिथून चालत चिकपेटेत आलो. अण्णा जिथून जुब्ब्याचं कापड आणत ते दुकान दहाला उघडतं. सात वाजले होते. मी बाही वर सारून, आकडे पुसू नयेत म्हणून हात अंगापासून दूर धरून, त्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.